ताटातले पाच चेहरे

सकाळी जाग आलेली असते पण डोळे अजून उघडायचे असतात, त्या मधल्या वेळात मला पावलं ऐकू येतात. तीस-बत्तीस माणसं एका लांबरुंद खोलीत गोल चालताहेत. कुणी पाय ओढतंय, कुणी नुसत्या चवड्यांवर, कुणी दोन पावलं टाकून थांबतंय आणि पुढच्याच्या पाठीवर हात ठेवून पुन्हा निघतंय. घाई कुणालाच नाही. वरच्या झरोक्यांना हिरव्या-पिवळ्या काचा होत्या. त्यांचा उजेड फरशीवर सांडलेला असायचा आणि चालणारे त्यातून हिरवे होऊन जायचे, पिवळे होऊन परत यायचे. मग आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते, आणि आपण निवृत्त झालोय हे लक्षात येतं. अंथरुणावर उठून बसते आणि चहाचं बघते.

ही खोली हैदराबादला, कोठी नावाच्या भागामागच्या एका जुन्या सरकारी इमारतीत होती. बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांसाठी तिथं एक छोटं केंद्र चालायचं आणि मी तिथली व्यायामाची बाई. मोठी माणसं म्हणजे वीसपासून पन्नाशीपर्यंतची. बाहेरचे लोक त्यांना सरसकट 'मुलं' म्हणत. आम्हीही म्हणायचो, फक्त त्या मुलांपैकी एकाला चांगलं टक्कल पडलं होतं आणि दोघींना केस रंगवायची हौस होती. सगळे मला 'सर' म्हणत. माझ्या आधी तिथं एक सर होते, ते गेले तरी हाक तशीच राहिली. मीही पदरी पडलं पवित्र झालं म्हणून ती घेतली.

व्यायाम शिकवणं हे काम कुणालाही कळतं. माझं दुसरं काम सांगितलं की मात्र लोक चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघतात. मी त्यांची व्यायामाची इच्छा मोजत असे. वजन काट्यावर मोजता येतं, नाडी बोटांनी मोजता येते. इच्छा कशाने मोजायची? पण ती मोजावी लागते, कारण माणूस रोज येतो याचा अर्थ त्याला यायचंय असा होत नाही. कुणाला आई रिक्षात बसवून पाठवते म्हणून तो येतो. कुणाला खेळ आवडतो, कुणाला नुसती सोबत आवडते, आणि कुणाला व्यायामानंतरचं केळं. हे एकदा कळलं की त्याप्रमाणे काम बदलता येतं. सोबतीसाठी येणाऱ्याला एकट्याने सायकल मारायला लावली तर तो महिन्याभरात येणं सोडतो.

विचारून बघावं तर तिथंच खरी मेख. या लोकांचं सगळं आयुष्य मोठ्यांना 'हो' म्हणण्यात गेलेलं असतं. आमच्याकडचा मधु सगळ्याला 'हौ' म्हणायचा. व्यायाम आवडतो का? हौ. व्यायामाचा कंटाळा येतो का? हौ. एकदा मी वैतागून विचारलं, "मधु, तू रॉकेलचा डबा आहेस का?" त्यानं क्षणभर नीट विचार केला आणि म्हणाला, "हौ." दुसरे काही शेवटचा ऐकलेला शब्द परत देत. "आवडतं की नाही आवडत?" म्हटलं की "नाही आवडत", आणि प्रश्न उलटा केला की उत्तरही उलटं. आईवडील सोबत बसले तर मग विचारायलाच नको, उत्तर तेच देत. एका वडिलांनी तर "त्याला सकाळी जॉगिंग फार प्रिय आहे" असं सांगितलं, तेव्हा त्यांचा मुलगा माझ्या टेबलाखाली लपून बसला होता.

म्हणून चित्रं असतात. पाच गोल चेहरे: एक खूप हसरा, एक थोडा हसरा, एक गप्प, एक थोडा रडवेला आणि एक पुरता रडका. प्रश्न विचारायचा, समोरच्यानं चेहऱ्याला हात लावायचा. प्रत्येक प्रश्न दोनदा, दुसऱ्यांदा चेहऱ्यांच्या जागा बदलून. पहिल्यांदा ज्याला हात लागेल तेच उत्तर, कारण थोडा वेळ दिला की तो आपल्या तोंडाकडे बघून बोट सरकवतो. मूळ पद्धतीत हे चेहरे टेबलावर मांडतात. आमची टेबलं उंच, काहीजण चाकाच्या खुर्चीत, कागद पंख्याने उडायचे. मी डोकं लढवलं. चेहरे पुठ्ठ्यावर चिकटवून वाटोळे कापले, बेगम बाजारातून स्टीलचं एक छानपैकी ताट आणलं, त्यात ते मांडले आणि ते ताट दोन्ही हातांनी प्रत्येकाच्या पुढे धरू लागले. काम सोपं झालं. बाहेरून बघायला आलेल्या पाहुण्यांनी तर माझ्या ताटाचे फोटो काढले. मला त्या ताटाचा अभिमान होता, हे कबूल करते.

आणि मग राज्याचे दोन भाग झाले.

ती वर्षं आता आठवताना सगळं पाण्याखाली घडल्यासारखं वाटतं, हळू आणि आवाजाशिवाय. रोज दोन माणसं यायची, हातात खडू. कपाटावर एक खूण म्हणजे ते या राज्याचं, दुसरी खूण म्हणजे त्या राज्याचं. पंखे वाटले गेले. फायली वाटल्या गेल्या. चालायचं मशीन तिकडे गेलं आणि त्याची वायर आमच्याकडे राहिली. आमची मुलं त्या खडूवाल्यांच्या मागे मागे फिरायची. एकदा त्यांनी टेबलावर खूण केली, तर पलीकडे उभ्या असलेल्या मधुनं आपली पाठ पुढे केली. खडूवाल्यानं हसून त्याच्या शर्टावर एक रेघ ओढली. मधु दिवसभर ती रेघ सगळ्यांना दाखवत होता.

आमच्या तीन शिक्षकांपैकी दोघांचा नंबर पलीकडच्या राज्यात लागला. एकटी मी राहिले. बत्तीस जणांना एकटीनं सांभाळायचं शक्य नव्हतं, म्हणून वरून कागद आला: वीस जणांची एकच बॅच ठेवा. बारा जणांना घरी पाठवायचं.

कुणाला, हे ठरवायचं होतं आमच्या अजीज साहेबांना. ते आमचे अधीक्षक. सज्जन माणूस, अंगात सदा स्वेटर, आणि कुणालाही नाही म्हणताना त्यांना घाम फुटायचा. फोन वाजायला लागले. कुणाचा मामा सचिवालयात, कुणाचा शेजारी आमदाराच्या ओळखीचा. "मॅडम, मेरेकू फोन पे फोन आ रैं," ते म्हणाले. "चिठ्ठ्या डालके निकाल दूँ क्या?"

मी ताठ बसले. आयुष्यभर वशिल्याला नावं ठेवलेली, आणि आता न्याय करायची संधी चालून आली होती. म्हणाले, "चिठ्ठ्या नक्को, साहेब. मेरे पास चेहरे हैं. जिसकू सच्ची में आना है, वो रहेगा. सिफारिश किसी की नक्को." साहेबांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला अजून आठवते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी मी घरी अगदी हलकी होऊन गेले.

आठवडाभर मी ताट धरलं. बहुतेकांचं मला अंदाजाप्रमाणेच आलं. दोघांचं मात्र खटकलं.

एक सुधाकर. चौतीस वर्षांचा, काचीगुड्याच्या जुन्या मराठी घरातला. त्याचे आजोबा-पणजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते. घरात सगळे शिकलेले आणि हा धाकटा असा. गेली नऊ वर्षं सगळ्यांच्या आधी दारात उभा असायचा. दार उघडलं की सतरंज्या अंथरायच्या हे काम त्यानं स्वतःहून घेतलं होतं. त्याच्यापुढे ताट धरलं, विचारलं, "सुधाकर, इथं यायला कसं वाटतं?" त्यानं ताटाकडे नीट पाहिलं आणि पुरत्या रडक्या चेहऱ्याला हात लावला. चेहऱ्यांच्या जागा बदलल्या, पुन्हा रडका. वीस प्रश्न, वीस वेळा रडका. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. नऊ वर्षं माझ्यासमोर हसत हसत सतरंज्या घालत होता आणि आतून याला इतकं नकोसं होतं?

दुसरी रेणुका. बेगम बाजारातल्या मसाल्याच्या एका तेलुगू व्यापाऱ्याची बहीण, तिशीची. बोलायची जवळजवळ नाहीच. तिला मी ताट दाखवलं आणि तिनं हात मांडीवरून उचललाच नाही. ताटाकडे बघत बसली, मग माझ्याकडे, मग पुन्हा ताटाकडे. नियम असा की तीन वेळा विचारून हात पुढे आला नाही तर शून्य लिहायचं. मी शून्य लिहिलं.

एकदा मनात आलं की नियम बाजूला ठेवावा. पण मीच तर सांगून बसले होते, सिफारिश किसी की नक्को. मग माझी तरी कशी चालेल? यादी केली, सही केली, साहेबांनी सही केली, कागद गेला.

बारा घरांना पत्रं टपालाने गेली. सुधाकरचं घर माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, म्हणून ते पत्र मी स्वतः घेऊन गेले. त्याची आई, सुमतीमावशी, सत्तरीच्या. पत्र वाचून त्यांनी घडी घातली, चष्म्याच्या डबीखाली ठेवलं, आणि म्हणाल्या, "बसा की हो बाई. चाय घेतल्याबगर जायचं नाही." एक शब्द तक्रारीचा नाही. मला तर त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. सुधाकर पलंगाच्या कडेला बसला होता आणि मला बघून आनंदानं डुलत होता. त्याला अजून काही माहीत नव्हतं.

मावशींनी बशीत उस्मानिया बिस्किटं आणली. पाच-सहा असतील, त्यातलं एक डब्यातच मोडलेलं. बशी आधी त्यांनी सुधाकरपुढे धरली. त्यानं बशीकडे नीट पाहिलं, अगदी तसंच पाहिलं जसं माझ्या ताटाकडे पाहिलं होतं, आणि मोडकं बिस्कीट उचललं.

माझा हात कपावरच थांबला.

"मावशी, हा नेहमी मोडकंच घेतो?"

"हौ मग. आमच्या सासूबाईंची शिस्त हो ती. कुणी ताट पुढं केलं तर त्यातलं मोडकं, लहान, जळकं असंल ते आपण उचलायचं. चांगलं दुसऱ्याला राहू द्यायचं. घरातल्या सगळ्या लेकरांना शिकवलं त्यांनी. बाकीचे मोठे होऊन विसरले, आता लाडवांतला मोठा शोधतात." त्या हसल्या. "याला एकदा शिकवलं की झालं. हा नाही विसरत."

मी पर्समधून ते पाच पुठ्ठे काढले. ताट नव्हतं, ते पलंगावर नुसते पसरले. "सुधाकर, परवा तू हा रडका का घेतलास?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की इतकी मोठी बाई आणि इतकं साधं कळत नाही. म्हणाला, "रडका माझा. हसरा सरांना."

मला रडू आलं. मावशींना वाटलं चहा जास्त गरम झाला.

नऊ वर्षांची त्याची इच्छा मी मोजायला निघाले होते, आणि तो वीस वेळा मला हसरा चेहरा देत होता. चूक त्याची नव्हती, पद्धतीचीही नव्हती. टेबलावर ठेवलेल्या चित्रांतून त्यानं कदाचित बरोबर निवडलं असतं. आमच्याकडे कुणी दोन्ही हातांनी ताट पुढे धरतं तेव्हा ते प्रश्न विचारत नसतं, काहीतरी देत असतं. हे मला, याच गावात जन्मून आणि शेकडो हळदीकुंकवं करून, कळायला नको होतं का?

दुसऱ्या दिवशी अजीज साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. मी म्हणाले, यादी रद्द करा, मी बत्तीसच्या बत्तीस जणांना पुन्हा विचारते, ताटाशिवाय.

साहेबांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "मॅडम, कागज तो गया. उसपे आपकी बी दस्तखत है, मेरी बी. अब ऊपर जाके क्या बोलूँ मैं? बिस्कुट की वजह से बोलूँ?" मग मवाळ झाले. ठेवलेल्या वीस जणांपैकी एकाचं कुटुंब विजयवाड्याला जाणार होतं. ती एक जागा रिकामी होती. "आपके सुधाकर कू लेलेतूँ. बाकी के नये बॅच में देखेंगे. थोडा ठंडा होने दो."

मी हो म्हणाले. इतक्या चटकन हो म्हणाले, की मधुलाही जमलं नसतं.

सुधाकर परत आला. दारात सगळ्यांच्या आधी उभा, सतरंज्या अंथरल्या, एकोणीस जणांना हाताला धरून जागेवर बसवलं. ती सकाळ मला एखाद्या सणासारखी आठवते. काचांमधून पिवळा उजेड येत होता आणि तो त्यात उभा राहून हात वर करत होता, खाली करत होता. मी ताट घरी नेऊन फळीवर टाकलं. त्यानंतर मी इच्छा मोजण्याची रीतच बदलली. प्रश्न विचारणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. दार उघडं ठेवायचं, काही सांगायचं नाही, आणि कोण कुठे जातं, किती वेळ थांबतं, काय पुन्हा करतं ते महिनाभर टिपायचं. वेळखाऊ काम, पण त्यात मला पुढे चार चांगले शब्द ऐकायला मिळाले. नव्या मुलींना शिकवायला बोलवायचे. मी त्यांना सुधाकरच्या बिस्किटाची गोष्ट सांगायची आणि सगळ्या हसून, डोळे पुसून टाळ्या वाजवायच्या.

गोष्ट मी तिथंच संपवत असे. उरलेल्या अकरा जणांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नवी बॅच निघाली नाही. आज निघेल, उद्या निघेल, असं करता करता अजीज साहेब निवृत्त झाले, मग मी झाले. त्या अकरा घरांचे पत्ते माझ्याकडे होते. सगळी याच गावात, काही तर चालत जाण्यासारखी. मी गेले नाही. वेळ नव्हता असं म्हणता येईल, पण ते खोटं होईल. भीती वाटत होती. एका घरात एक बिस्कीट निघालं, अकरा घरांत काय निघेल, या भीतीनं मी टाळलं.

गेल्या वर्षी दिवाळीआधी वेलदोडे घ्यायला बेगम बाजारात गेले होते. गल्लीत मिरचीचा ठसका, हातगाड्या, हमालांची आरडाओरड. एका दुकानावर पाटी दिसली आणि आडनाव ओळखीचं वाटलं. गल्ल्यावरचा माणूस मला बघून उभाच राहिला. रेणुकाचा भाऊ.

"अरे मॅडम! आइये, आइये. ऊपर चलो, चाय पीके जाना." घर दुकानाच्याच वर होतं. मी त्याच्यामागे जिना चढले.

रेणुका खिडकीशी बसली होती. खूप जाड झाली होती आणि पाय सुजलेले. तिनं मला पाहिलं, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. वहिनीनं ताटलीत मुरुक्कू, आपल्या चकल्यांसारखे, आणले. ताटली माझ्यापुढे केली, नवऱ्यापुढे केली, आणि रेणुकापुढे न करता एक मुरुक्कू उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

"ये खुद नहीं लेती?" मी विचारलं.

"नहीं मॅडम, बचपन से. हाथ में रखे तो लेती, थाली में से उठाके कब्बी नहीं लेती. अम्मा मारती थी ना छोटी थी तब, थाली में हाथ डाली तो." तो सहज सांगत होता. मग म्हणाला, "आपका सेंटर बंद हुआ बोलके चिठ्ठी आई. उसके बाद ये एक साल तक रोज सुबे जूते पैन के सीढी पे बैठती थी. दस बजे तक. हम बोले, नहीं है रे, बंद हो गया. सुनतीच नहीं थी. फिर एक दिन नहीं बैठी. जूते फिर हमारी बच्ची कू दे दिये."

सेंटर बंद झालं नव्हतं. पत्रात 'आपले नाव नवीन यादीत नाही' असं लिहिलं होतं, आणि घरच्यांनी बहिणीला लागू नये म्हणून ते असं सांगितलं असणार, किंवा स्वतःचीच तशी समजूत घालून घेतली असणार. मी ते दुरुस्त केलं नाही. हातातला कप खाली ठेवला आणि कसंबसं म्हणाले, "माझी चूक झाली, रेणुका." मराठीत म्हणाले. तिला मराठी येत नव्हतं.

ती उठली. भिंतीला धरून आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, झालं, बरोबरच आहे तिचं. खाली उतरावं म्हणून मीही पर्स उचलली. भाऊ काहीतरी बोलत होता, ते मला ऐकू येत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या पायात भावाच्या चपला होत्या. उजवी डाव्या पायात आणि डावी उजव्या. माझ्याजवळ येऊन उभी राहिली, मनगट धरलं, आणि इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी न ऐकलेला आवाज काढून म्हणाली, "पदा."

तेलुगूत पदा म्हणजे चल.

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी खाली बसले, तिच्या चपला नीट पायात घातल्या आणि आम्ही जिना उतरायला लागलो.